साठी बुद्धी नाठी? आधी विचारून तर बघा!

"त्यांना काय विचारायचं, डॉक्टर? मलाच सांगा काय ते."

ओपीडीत हे वाक्य मी आठवड्यातून निदान चार-पाच वेळा ऐकतो. म्हणणारा कधी मुलगा असतो, कधी सून, कधी जावई. ज्यांच्याविषयी बोलणं चाललंय ते आजोबा किंवा आजी समोरच्याच खुर्चीत बसलेले असतात. त्यांना ऐकू येत असतं आणि बरंचसं कळतही असतं, हे चेहऱ्यावरून दिसतं. मग हळूहळू ते खिडकीबाहेर बघायला लागतात आणि घरचे म्हणतात, "बघा, लक्षच नसतं हल्ली."

उपचारांच्या बाबतीत ही सवय वाईट आहेच. पण आज मला लिहायचंय ते वैद्यकीय संशोधनाबद्दल, कारण तिथे या सवयीने दुहेरी नुकसान होतं. स्मरणशक्ती कमी झालेल्या, स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेल्या माणसाला एखाद्या संशोधनात भाग घ्यायचा आहे का, हे कुणी विचारायचं आणि कुणाला विचारायचं? माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिला प्रश्न त्या माणसालाच विचारला पाहिजे. त्याने दिलेला होकार त्याचा आणि नकारही त्याचा. घरच्यांची सही त्यानंतर, आणि लागली तरच. हे वाचून माझे काही डॉक्टर मित्र भुवया उंचावतील, हे मला माहीत आहे. त्यांच्यासाठीही हा लेख आहे.

संशोधन म्हणजे नुसतं औषध टोचणं नव्हे

संशोधन म्हटलं की आपल्याकडे लगेच ‘गिनिपिग’ हा शब्द निघतो. प्रत्यक्षात स्मृतिभ्रंशावरच्या संशोधनाचे कितीतरी प्रकार आहेत. घरी येऊन तासभर प्रश्न विचारणं, एकदा रक्त घेणं, एमआरआय काढणं, व्यायामाने किंवा संगीताने चिडचिड कमी होते का ते बघणं, सांभाळणाऱ्यांना प्रशिक्षण देऊन फरक पडतो का ते तपासणं, हे सगळं संशोधनच. नव्या औषधाची ट्रायल हा यातला एक प्रकार, आणि सर्वांत जास्त जोखमीचा.

औषधाच्या ट्रायलबद्दल एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. ट्रायल म्हणजे उपचार नव्हे. निम्म्या लोकांना खरं औषध आणि निम्म्यांना तसंच दिसणारं निरुपद्रवी द्रव्य, म्हणजे प्लासिबो, अशी विभागणी बऱ्याचदा असते. कुणाला काय मिळतंय हे पेशंटला माहीत नसतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही माहीत नसतं. औषध उपयोगी आहे की नाही हेच तर शोधायचं असतं. "मोठ्या हॉस्पिटलात फुकट नवीन औषध मिळतंय" म्हणून आईला घेऊन जाणारी मुलं मी पाहिली आहेत. तो गैरसमज आहे, आणि चांगल्या शिकल्यासवरलेल्या, स्मरणशक्ती ठणठणीत असलेल्या लोकांनाही तो होतो. तेव्हा ‘समजत नाही’ हा आरोप फक्त आजीवर ठेवू नका.

विसरणं वेगळं आणि न कळणं वेगळं

सगळा घोळ इथे आहे. आपण धरून चालतो की ज्याला सकाळचा नाश्ता आठवत नाही त्याला निर्णयही घेता येणार नाही. मेंदूचं काम असं सरसकट बिघडत नाही. अल्झायमरमध्ये बहुधा आधी बिघडते ती नवी माहिती साठवण्याची क्षमता. आवडनिवड, भीती, आयुष्यभराची मूल्यं, ‘हे मला चालेल, ते नाही चालणार’ हा कौल बराच काळ टिकून राहतो.

माझे एक पेशंट आहेत, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. एका शहरातल्या अभ्यासासाठी त्यांच्याबद्दल विचारणा झाली होती. रक्त द्यायचं, प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि एमआरआय काढायचा. मी त्यांना सावकाश समजावलं. ते म्हणाले, "रक्त घ्या. पण त्या बोगद्यात मी डोकं घालणार नाही." दहा मिनिटांनी त्यांनी विचारलं, "डॉक्टर, कशासाठी आलो होतो आपण?" पुन्हा सगळं सांगितलं. उत्तर तेच, रक्त घ्या, बोगदा नको. तिसऱ्यांदा सांगितलं, तरी तेच. तीन वेळा माहिती विसरली गेली आणि तीनही वेळा माणूस त्याच निर्णयावर आला. कारणही त्यांनी दिलं. तरुणपणी विहिरीच्या कामात मातीखाली अडकले होते, तेव्हापासून बंद जागा नको. एवढं मुद्देसूद उत्तर मला धडधाकट पेशंटही क्वचित देतात.

संशोधनाला संमती देण्याची क्षमता तपासण्यासाठी अमेरिकेत ॲपलबॉम आणि ग्रिसो यांनी एक पद्धत तयार केली. ती आज जगभर वापरली जाते. तिच्यात चार गोष्टी बघतात. सांगितलेलं समजलं का? ते आपल्याला लागू आहे हे उमगलं का? पर्यायांची तुलना करून काही कारण देता येतं का? आणि निर्णय स्पष्ट सांगता येतो का? यात ‘पंतप्रधान कोण?’ किंवा ‘शंभरातून सात वजा करा’ असलं काही नाही. महिनाभर सगळं आठवलं पाहिजे, अशीही अट नाही. निर्णय घेण्यापुरती माहिती त्या वेळी डोक्यात धरता आली की पुरे.

दुसरी गोष्ट, ही क्षमता ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशी कायमची नसते. ती प्रश्नागणिक बदलते. एकदा रक्त द्यायला हो म्हणणं सोपं. मेंदूत सूज येण्याची शक्यता असलेलं औषध दीड वर्ष शिरेतून घ्यायचं की नाही, हे ठरवणं अवघड. पहिल्यासाठी सक्षम असलेला माणूस दुसऱ्यासाठी नसू शकतो. ती दिवसाच्या वेळेनुसारही बदलते. सकाळी दहाला छान बोलणाऱ्या आजी संध्याकाळी सहाला गोंधळलेल्या असतात. लघवीला जंतुसंसर्ग झाला, झोपेची गोळी चालू झाली, सोडियम कमी झालं की आठवडाभर काहीच कळत नाही, आणि मग ते सुधारतं. अशा आठवड्यात कुणी चाचणी घेऊन ‘असमर्थ’ असा शिक्का मारला तर तो शिक्का चुकीचा.

आणि तरीही आमच्याकडे काय चालतं? एमएमएसई नावाची तीस गुणांची चाचणी घेतात. ठरावीक आकड्याखाली गुण आले की त्या माणसाशी बोलणं बंद, मुलाला बोलवा. ती चाचणी स्मरणशक्ती, लक्ष, भाषा वगैरे ढोबळमानाने चाचपण्यासाठी आहे. निर्णयक्षमतेचं ते मोजमाप नाही. शिवाय चौथीपर्यंत शिकलेल्या शेतकऱ्याला नि निवृत्त प्राध्यापकाला एकच फूटपट्टी लावली तर शेतकरी आजार नसतानाही नापास होणार.

न शिकलेल्या माणसांनीच हे करून दाखवलंय

हा शेवटचा मुद्दा माझ्या कल्पनेतला नाही. हरियाणातल्या बल्लभगड भागातल्या खेड्यांत १९९० च्या दशकात भारत आणि अमेरिकेच्या संशोधकांनी मिळून स्मृतिभ्रंशाचा मोठा अभ्यास केला. तिथले बहुतेक वृद्ध निरक्षर. कागदावर वाक्य लिहा, तारीख सांगा असले प्रश्न त्यांना लावणं म्हणजे थट्टाच झाली असती. म्हणून चाचणीच नव्याने बांधली गेली. सकाळ आहे की दुपार आहे की संध्याकाळ, असं विचारायचं. वाक्य लिहायला सांगण्याऐवजी ‘तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा’ म्हणायचं. त्याच हिंदी चाचणीचे अवतार आजही वापरात आहेत. त्या गावांत अल्झायमरचं प्रमाण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या तुलनेत बरंच कमी दिसलं. त्याची कारणं काय यावर अजून वाद आहेत, पण एक गोष्ट नक्की. ज्यांना कधी कुणी शाळेत बसवलं नाही, त्या म्हाताऱ्यांनी जगाला नवा प्रश्न दिला. चाचणी त्यांच्याकडे गेली, म्हणून हे घडलं.

अलीकडचं उदाहरण आपल्या मुंबईशी जोडलेलं आहे. मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशभरातल्या ज्येष्ठांचं ‘लासी’ हे मोठं सर्वेक्षण चालवलं. त्यातूनच साठीपुढच्या चार हजारांहून अधिक लोकांची स्मृतिभ्रंशासाठी सविस्तर तपासणी झाली. त्या कामात दिल्लीच्या एम्सचा पुढाकार होता. त्यावरून काढलेला अंदाज असा की भारतात साठ वर्षांवरच्या लोकांपैकी ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. हा आकडा आज आपण भाषणांत, वर्तमानपत्रांत वापरतो. तो मिळाला, कारण कुणाच्या तरी आजी-आजोबांनी तासन्‌तास प्रश्नांची उत्तरं दिली आणि रक्त दिलं. त्यांच्यात विसराळू माणसं होती, म्हणून तर आकडा मिळाला! विसराळूंना वगळून विसराळूपणाचा अभ्यास होत नाही. मधुमेह नसलेल्यांवर मधुमेहाचं औषध तपासण्यासारखं होईल ते.

औषधांचंही तसंच. लेकानेमॅब हे अल्झायमरचं नवं औषध अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मंजूर झालं. त्याच्या मुख्य ट्रायलमध्ये १,७९५ माणसं होती, आणि ती ठणठणीत नव्हती. आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातली, विसरायला लागलेली माणसं होती ती. एमएमएसईचे गुण २२ ते ३०, वय ५० ते ९०. त्यांनी अठरा महिने दर पंधरवड्याला शिरेतून औषध किंवा प्लासिबो घेतलं. औषधाने आजाराचा वेग थोडा मंदावला, थांबला नाही. आणि औषध घेतलेल्यांपैकी १२.६ टक्के लोकांच्या मेंदूत स्कॅनवर सूज दिसली. फायदा किती नि धोका किती हे आज आपण आकड्यात सांगू शकतो, ते या माणसांमुळे. उद्या असं औषध आपल्याकडे सर्रास मिळू लागलं, तर मधुमेह-रक्तदाब असलेल्या, कमी शिकलेल्या, आपल्यासारखं खाणाऱ्यापिणाऱ्या माणसाला ते मानवेल का? हे सांगायला आपल्याच माणसांनी पुढे यायला हवं. ती येत नाहीत असं आपण म्हणतो. मी म्हणतो, त्यांना कुणी विचारतच नाही.

भीती खोटी नाही

इथे दुसरी बाजू मांडलीच पाहिजे, नाहीतर मी औषध कंपन्यांचा वकील ठरेन. दुर्बल माणसांवर संशोधनाच्या नावाखाली अत्याचार झाले आहेत. १९६३ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या ज्यूइश क्रॉनिक डिसीज हॉस्पिटलमध्ये २२ आजारी, दुर्बल पेशंटना कर्करोगाच्या जिवंत पेशी टोचण्यात आल्या. प्रतिकारशक्तीची चाचणी करतोय एवढंच सांगितलं गेलं, ‘कॅन्सर’ हा शब्द उच्चारलाच नाही. तीन तरुण डॉक्टरांनी हे इंजेक्शन द्यायला नकार दिला, म्हणून प्रकरण बाहेर आलं. त्याआधी नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग संहिता आली होती. तिचं पहिलंच कलम सांगतं की माणसाची स्वतःची, मोकळेपणाने दिलेली संमती अत्यावश्यक आहे. ते शब्दशः घ्यायचं तर संमती देऊ न शकणाऱ्या कुणावरही कधीच संशोधन करता येणार नाही. म्हणून १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यात कायदेशीर पालकाच्या संमतीची वाट ठेवली गेली. पुढे त्यात भर पडली की पालकाने हो म्हटलं तरी पेशंटची स्वतःची राजीखुशी विचारायची, आणि त्याने विरोध दाखवला तर तो मानायचा.

या इतिहासातून आपल्याकडच्या संशोधकांनी आणि एथिक्स कमिट्यांनी एक सोपा धडा घेतला. भानगड नको, वगळून टाका. अभ्यासाच्या नियमांत एक ओळ घातली की झालं, ‘संमती देण्यास असमर्थ व्यक्ती वगळण्यात येतील.’ असमर्थ कोण, हे ठरवायचं कसं, त्यासाठी किती वेळ द्यायचा, याचा पत्ता नाही. त्या ओळीला ‘संरक्षण’ म्हणतात. मला त्यात संरक्षणापेक्षा सोय जास्त दिसते. स्मृतिभ्रंशाच्या माणसाला समजावायला पाऊण तास लागतो, धडधाकटाला दहा मिनिटं. पस्तीस मिनिटं वाचतात.

आणि याच्या अगदी उलट टोकही मी पाहिलंय. एका आजींना मुलाने ट्रायलमध्ये घातलं होतं. सही मुलाची, माहितीपत्रक मुलाच्या बॅगेत. आजी माझ्याकडे खोकल्यासाठी आल्या होत्या. मी नाडी बघायला हात धरला तर झटकन मागे घेतला. "परत सुई नको," म्हणाल्या. मुलगा हसला, "तिथेही असंच करते, दोघं धरतो आम्ही." हे ऐकून मला हसू आलं नाही. ज्या माणसाला धरून ठेवून सुई टोचावी लागते, तिने ट्रायलमधून कधीच नाव काढून घेतलंय. तोंडाने म्हटलं नसेल, हाताने म्हटलंय. मी मुलाला तसं सांगितलं, आणि ट्रायलच्या डॉक्टरला फोन करायला लावला. मुलगा वाईट नव्हता, आई बरी व्हावी म्हणून धडपडत होता. पण त्या आशेपोटी त्याने आईचा नकार ऐकला नाही.

आजोबांना न विचारता वगळणं आणि आजींना न विचारता घालणं ही दोन विरुद्ध टोकं वाटतात. दोन्हींच्या मुळाशी तेच एक वाक्य आहे, "त्यांना काय विचारायचं?"

कायदा काय म्हणतो

आपला कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा फक्त मनोरुग्णालयांसाठी आहे असा समज आहे. पण त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीचे गंभीर विकारही येतात. त्याच्या चौथ्या कलमात निर्णयक्षमतेची कल्पना स्पष्ट आहे. माहिती समजणं, परिणामांची जाणीव असणं आणि निर्णय बोलून, हावभावाने, खुणेने कसाही सांगता येणं. शिवाय असंही म्हटलंय की एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला क्षमता नाही असं ठरत नाही. हे वाक्य प्रत्येक ओपीडीत फ्रेम करून लावावं असं मला वाटतं.

संशोधनासाठी कलम ९९ आहे. माणूस संमती देऊ शकत असेल तर त्याचीच संमती घ्यायची. देऊ शकत नसेल, पण सहभागाला विरोधही करत नसेल, तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी आणि त्याने नेमलेल्या प्रतिनिधीची संमती लागते. तेही असं संशोधन सक्षम माणसांवर करता येण्यासारखं नसेल तरच. ‘विरोध करत नसेल’ हे शब्द पुन्हा वाचा. हात मागे घेणाऱ्या आजी त्यात बसत नाहीत.

नव्या औषधांच्या ट्रायलसाठी २०१९ चे वेगळे नियम आहेत. त्यांत लेखी संमती, वाचता न येणाऱ्यांसाठी त्रयस्थ साक्षीदार, अगदी नव्या रेणूच्या औषधाची ट्रायल दुर्बल गटातल्या माणसांवर असेल तर संमती घेतानाचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग, आणि इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई, हे सगळं आहे. कागदावर तरी भारतातला पेशंट निराधार नाही.

मग विचारायचं कसं?

हे माझ्या व्यवसायबंधूंसाठी आणि घरच्यांसाठीही. सकाळची वेळ धरा. चष्मा आणि श्रवणयंत्र आधी लावा. निम्म्या वेळा ‘कळत नाही’ म्हणजे ऐकू आलेलं नसतं. टीव्ही बंद करा. एका वेळी एकच गोष्ट, लहान वाक्यात, त्यांच्या बोलीत. ‘यादृच्छिक विभागणी’ असलं काही म्हणू नका, ‘चिठ्ठ्या टाकून ठरतं’ म्हणा. सुई दाखवायची तर दाखवा, मशीनचा फोटो दाखवा. मग म्हणा, "मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा बरं." चुकलं तर रागावू नका, पुन्हा सांगा. दोन दिवसांनी परत विचारा. उत्तर तेच आलं तर त्याला वजन आहे.

आणि घरच्यांनो, या वेळात तुम्ही गप्प बसा. हे सर्वांत कठीण आहे, मला माहीत आहे. सून शेजारून "हो म्हणा ना, अण्णा" असं म्हणते तेव्हा अण्णा हो म्हणतात, कारण जेवण तिच्या हातचं आहे.

मी असं विचारतो तेव्हा मला काय ऐकायला मिळतं? बरेच जण हो म्हणतात, आणि त्यांची कारणं ऐकण्यासारखी असतात. "मला काही उपयोग नाही, पण पोरांना हा रोग लागू नये." एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "आयुष्यभर मुलांच्या परीक्षा घेतल्या, आता माझी कुणी घेतंय तर घेऊ दे." कुणाला तेवढंच बोलायला माणूस मिळतो. त्यात वाईट काही नाही. कुणी म्हणतं, "मुलाला विचारा." तोही निर्णयच आहे. पुढच्या निर्णयासाठी आपला माणूस निवडला त्यांनी. काही जण साफ नाही म्हणतात. प्रवास नको, सुई नको, परक्या माणसांना घरात आणू नको. हे नकारही विचारपूर्वक असतात. संशोधकांना माझी विनंती अशी की नकाराची कारणं लिहून ठेवा. निम्मी कारणं सुटण्यासारखी असतात. घरी येऊन रक्त घेतलं तर प्रवासाचा प्रश्नच राहत नाही.

एक अडचण मात्र त्यांच्या हातात नसते, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. अल्झायमरच्या बहुतेक औषध ट्रायलमध्ये सोबतीला एक ‘स्टडी पार्टनर’ लागतो. पेशंटला जवळून ओळखणारा, दर वेळी बरोबर येणारा, बदल सांगणारा. अट शास्त्रीय कारणासाठी आहे, मान्य. पण जिचा नवरा गेलाय, मुलगा न्यू जर्सीत आणि मुलगी बंगळुरूला आहे, त्या काकूंनी काय करायचं? त्यांची इच्छा आहे, क्षमता आहे, जोडीदार नाही. म्हणजे त्या बाद. ज्या मुलाला दर पंधरा दिवसांनी रजा मिळत नाही, त्याची आईही बाद. मग मुलगा मला सांगतो, "आईला नाही झेपणार." झेपणार नाही ते त्याला. त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त ते आईच्या नावावर खपवू नये. शेजारीण किंवा रोज येणारी केअरटेकर बाई स्टडी पार्टनर का होऊ शकत नाही, हा प्रश्न ट्रायल आखणाऱ्यांना आपण विचारायला हवा. काकूंच्या दिनक्रमाची त्या बाईला मुलापेक्षा जास्त माहिती असते.

आणि खरोखरच कळेनासं झालं तर?

तो टप्पा येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. स्वतःच्या मुलाला ओळखत नाहीत त्यांना ट्रायलचे फायदे-तोटे विचारणं हा फार्स होईल. तिथे प्रतिनिधीच लागतो. पण तो प्रतिनिधी आधी निवडून ठेवता येतो, आणि इथे एक दिलासा देणारी गोष्ट आहे. अमेरिकेत स्कॉट किम यांच्या गटाने अल्झायमरच्या पेशंटवर केलेल्या अभ्यासात दिसलं की ट्रायलला संमती देण्याइतकी क्षमता ज्यांच्यात उरलेली नाही, अशांपैकी अनेकांना ‘माझ्या वतीने कोण ठरवेल’ हे मात्र नीट सांगता येतं. गुंतागुंतीचा हिशोब जमत नाही, पण विश्वास कुणावर टाकायचा हे कळतं. घरात कुणाकडे कपाटाच्या किल्ल्या द्यायच्या हे आजींना शेवटपर्यंत कळतं, तसंच.

आपल्या २०१७ च्या कायद्यात असा प्रतिनिधी नेमायला वकील लागत नाही. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा चालतो. नेमलेल्या माणसाची मान्यता हवी. विस्मरणाचं निदान झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत हे करून घ्या. बँकेचं नॉमिनेशन करायला जातो तसंच. त्याच बैठकीत आणखी थोडं विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. पुढे कुणी संशोधनासाठी विचारलं तर काय सांगू? रक्त चालेल का? मशीन चालेल का? नवं औषध? घरापासून किती लांब? तुम्ही कंटाळलात हे मी कशावरून ओळखू? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फार उपयोगी पडतं. माझ्या त्या निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "मी बोलायची बंद झाले की समज." त्यांच्या मुलीने ते वहीत तसंच्या तसं उतरवून घेतलंय, तारीख घालून, आणि खाली आईची सही.

एखाद्या ट्रायलबद्दल कुणी विचारणा केली, तर तिची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आहे का ते बघा. भारतातल्या प्रत्येक ट्रायलची नोंद १५ जून २००९ पासून तिथे सक्तीची आहे, आणि कुणालाही ती इंटरनेटवर फुकट शोधता येते. माहितीपत्रक मराठीत मागा, तो तुमचा हक्क आहे. त्यावर एथिक्स कमिटीच्या संपर्काचा तपशील असतो. नसेल तर सही पुढच्या भेटीवर ढकला. आणि ते पत्रक बॅगेत ठेवू नका, ज्यांच्यासाठी आहे त्यांच्या हातात द्या. चष्मा पुसून.